एक्केचाळिसावा प्रश्न

सातवा उमेदवार सेशन आणि कुकी यांतला फरक सांगायला लागला, तेव्हा अनिमेषने डोळे मिटून घेतले.

"समजा, तुम्ही गाडीवर वडापाव खायला गेलात," तो मुलगा म्हणाला. "गाडीवाल्याने तुम्हाला टोकन दिलं. ते तुमच्या खिशात राहतं, ती कुकी. तुम्ही काय मागवलंय, सुकी चटणी हवी की नको, हे गाडीवाल्याच्या डोक्यात राहतं. ते सेशन. टोकन हरवलं, तर..."

तर गाडीवाला तुम्हाला ओळखत नाही, असं अनिमेष मनात म्हणाला आणि पाठोपाठ मुलगाही तेच म्हणाला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"वा!" शरच्चंद्र विजयकरांनी समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली. "पुढचा प्रश्न."

वडापावचं ते उदाहरण अनिमेषचं होतं. सात वर्षांपूर्वी, भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना, दादरच्या एका कॉम्प्युटर क्लाससाठी त्याने ‘पीएचपी मुलाखतीचे शंभर प्रश्न’ नावाच्या नोट्स लिहून दिल्या होत्या. पानावर कुठेही त्याचं नाव नव्हतं. क्लासने त्या मुलांना वाटल्या, मुलांनी झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. आता दादर ते भायखळा या पट्ट्यात पीएचपी ही वेबसाइटची भाषा शिकणारा प्रत्येक जण कुकीबद्दल विचारलं की वडापाव सांगायचा.

त्यातलीच एक प्रत विजयकर सरांकडे होती. विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन सरांनी गिरगावातल्या स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर ही छोटी कंपनी काढली होती. हॉल, जिमखाने, देवस्थानं यांच्या वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या. सरांना स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, पण माणूस पारखून घ्यायची पद्धत असावी असं त्यांचं मत होतं. त्यांनी त्या शंभर प्रश्नांना पुठ्ठ्याची फाइल लावून उत्तरपत्रिका केली होती. पाच वर्षांपूर्वी अनिमेष इथे मुलाखतीला आला, तेव्हा सरांनी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला आणि तो चाट पडला. या नोट्स आपल्याच आहेत हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण सर म्हणाले, "फक्त उत्तर दे," आणि त्याने फक्त उत्तर दिलं. शंभरपैकी शंभर. सरांनी त्याच दिवशी त्याला पेढा भरवून कामावर घेतलं. पुढे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता त्याला जायचं होतं. गोव्याच्या एका संस्थेत समुद्राच्या प्रवाहांची निरीक्षणं तपासण्याच्या प्रकल्पावर त्याची निवड झाली होती. दोन जूनला हजर व्हायचं, सोबत आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर आणायचं. वयाची अट अठ्ठावीस. ऑगस्टमध्ये त्याला अठ्ठावीस वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे ही संधी गेली की दुसरी नव्हती.

"राजीनामा मी घेतला नाही असं नाही," सर म्हणाले होते. "तो इथे ड्रॉवरमध्ये आहे. पण टिपणीस, तुझ्या त्या कोडमध्ये काय आहे ते तुला एकट्याला ठाऊक. उद्या साइट बंद पडली तर मी काय आरती म्हणू? तुझ्यासारखा एक आणून बसव आणि खुशाल जा. पंचाण्णवच्या खाली मात्र मी घेणार नाही."

सहा जण पंचाण्णवच्या खाली राहिले. हा सातवा, अर्णव, अठ्ठ्याण्णव घेऊन उठला. तो दाराबाहेर गेल्यावर सरांनी फाइल थोपटली. "मिळाला बघ. आठवीला कशाला बोलावलंस उगाच?"

"आली आहे ती, सर. घोडपदेवहून आली आहे उन्हाची. पाच मिनिटं बघू."

नूपुर परबने बसल्याबसल्या पाण्याचा अख्खा ग्लास संपवला आणि बॅगेतून वही काढून मांडीवर ठेवली. तिने वडापाव सांगितला नाही. सेशन म्हणजे काय ते तिने तिच्या शब्दांत सांगितलं, आणि मग विचारलं, "तुमच्याकडे सेशन फाइलमध्ये ठेवतात की डेटाबेसमध्ये?"

"तो प्रश्न नाहीये यात," सर म्हणाले.

एक्केचाळिसावा प्रश्न आला. "शून्य हा आकडा आणि एबीसी ही अक्षरं, यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर काय? हो की नाही?"

"कुठल्या व्हर्जनमध्ये?" नूपुर म्हणाली.

"हो की नाही?"

"सर, पीएचपी आठच्या आधी हो. आठपासून नाही."

सरांनी फाइलमध्ये बोट फिरवलं. "इथे ‘हो’ लिहिलंय."

"मग ते जुनं आहे."

"बाई, प्रश्न विचारणारा मी आहे ना?"

"तुम्हीच आहात. पण मी नुसतं हो म्हटलं तर ते अर्धंच उत्तर होईल."

तिला अठ्ठ्याऐंशी मिळाले. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. सर चष्मा पुसत म्हणाले, "तोंडाळ आहे. अर्णवला फोन लाव. सोमवारपासून ये म्हणावं."

अनिमेषने फोन हातात घेतला. नंबर समोर होता. अर्णव सोमवारी आला असता, आठ दिवसांत त्याला सगळं दाखवून झालं असतं, कारण त्याने काहीच विचारलं नसतं. नोट्समध्ये जे नाही ते त्याला पडलंच नसतं. एकतीस मेला, शनिवारी रात्री, गोव्याची बस.

पण ज्या कंपनीच्या सर्व्हरवर या साइट होत्या, तिची दर तीन महिन्यांनी मेल यायची. जुनं व्हर्जन बंद करतोय, नव्यावर या, इथे बटण दाबा. अनिमेष ते बटण गेली तीन वर्षं टाळत आला होता. दादरच्या एका लग्नाच्या हॉलच्या बुकिंगमध्ये त्याची एक ओळ होती, जी एक्केचाळिसाव्या प्रश्नाच्या जुन्या उत्तरावर उभी होती. अर्णवने बिनदिक्कत बटण दाबलं असतं, आणि ज्या दिवशी हॉल भरलेला आहे तो दिवस साइटने मोकळा दाखवला असता. एका मांडवात दोन लग्नं.

त्याने फोन खाली ठेवला.

"सर, ती बरोबर आहे."

"कोण?"

"ती मुलगी. एक्केचाळीस नंबरचं उत्तर आता चुकीचं आहे. मी लिहिलं तेव्हा बरोबर होतं."

"तू लिहिलं तेव्हा म्हणजे?"

अनिमेषने सांगितलं. क्लास, झेरॉक्स, वडापाव. सर ऐकत राहिले. मग त्यांनी फाइल मिटली आणि तिच्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे पाच वर्षांपूर्वी या खुर्चीत बसून तू स्वतःचाच पेपर लिहिलास."

"हो, सर."

"आणि मी तुला पेढा भरवला."

सर उठून दारापर्यंत गेले, बाहेरच्या बाकाकडे बघितलं आणि परत आले. "ठीक आहे. तिला घेऊ. मार्कांचं राहू दे, मार्कांवरचा माझा विश्वास तू आज घालवलासच. आता ती ठरवेल. तू जाताना ती मला लिहून देईल, ‘मला काहीही विचारायचं उरलेलं नाही’. खाली सही. तो कागद माझ्या हातात आला की तुझं लेटर तुझ्या हातात."

त्या वेळी अनिमेषला ही सुटका वाटली.

नूपुरच्या वहीतली पहिली चार पानं सोमवारी दुपारपर्यंत भरली. ती प्रश्नांना नंबर द्यायची आणि उत्तर पटलं की बाजूला बारीक टिंब करायची. मंगळवारी टिंब असलेल्यांपेक्षा टिंब नसलेले प्रश्न जास्त झाले.

"हे पान उघडलं की हेडर आधीच गेला अशी एरर का येते?"

"फाइलच्या सुरुवातीला एक रिकामी ओळ राहिली असेल. कोडच्या आधी एक जागा सुटली तरी येते."

"ते मला माहितीये. मी विचारतेय की ती ओळ काढायच्या ऐवजी एरर दिसू नये अशी सोय का केलीये?"

अनिमेषने मान खाजवली. "घाईत असेन."

"हे कोणी लिहिलंय?"

"मीच."

"आणि हे?"

"तेही मीच. नूपुर, हे सगळं मीच लिहिलंय, प्रत्येक वेळी विचारू नकोस."

"तुम्ही घाईत फार असता पण."

"‘तुम्ही’ नको म्हणूस. तीन वर्षांनीच मोठा आहे मी."

"बरं. तू घाईत फार असतोस."

चांगले प्रश्न होते. सातव्या दिवशी त्याला जाणवलं की पाच वर्षांत कोणी त्याला असे प्रश्न विचारलेच नव्हते. हे प्रश्न नसते तर तो आत्तापर्यंत सुटला असता, हेही त्याला त्याच वेळी जाणवलं. प्रत्येक उत्तरातून तिला आणखी दोन प्रश्न सुचायचे. तो घरी प्रभादेवीला जाऊन जेवायला बसला की आई विचारायची, "बॅग कधी भरायची रे?" आणि तो म्हणायचा, "दोनशे चौदा झालेत." आईला कळायचं नाही. ती आणखी एक पोळी वाढायची.

बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, नूपुर त्या ओळीपाशी पोचली.

"इथे दिवसाची वेळ शून्याशी का ताडून बघतोयस?"

ते सांगायची तयारी त्याने केलेली होती. "हॉल तीन प्रकारे मिळतो. पूर्ण दिवस म्हणजे शून्य, सकाळ म्हणजे एक, संध्याकाळ म्हणजे दोन. वेबसाइटवरून बुक केलं तर हे आकडेच येतात. पण गुरुदत्तकाका फोनवरची बुकिंगं टाकतात. हॉलच्या ऑफिसात बसतात ते. त्यांना यादीतून निवडणं जमेना, म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांना मोकळा रकाना करून दिला. ते त्यात ‘पूर्ण दिवस’ असं लिहितात. जुनं पीएचपी त्या शब्दांच्या सुरुवातीला आकडा शोधतं, आकडा सापडत नाही, मग त्याला शून्य समजतं. शून्य म्हणजे पूर्ण दिवस. योगायोगाने बरोबर बसतं. नव्या व्हर्जनवर बसणार नाही, म्हणून आधी ते शब्द बदलून आकडे करायचे, मग बटण दाबायचं. हे तुझ्यासाठी लिहून ठेवलंय मी."

नूपुरने लिहून घेतलं. टिंब केलं नाही.

"काका सकाळचं बुकिंग कसं लिहितात?"

"सकाळ, असं लिहीत असतील."

"मग तेही शून्यच ना?"

अनिमेषचा हात माउसवरच राहिला. पाच वर्षांत त्याने ‘पूर्ण दिवस’चा विचार कितीदा केला होता. ‘सकाळ’चा एकदाही केला नव्हता. त्याने डेटाबेसमधला तो रकाना उघडला आणि काकांनी लिहिलेले शब्द एकाखाली एक आले. पूर्ण दिवस. सकाळ. सकाळी ९. मुंज. बारसं. साखरपुडा. डोहाळजेवण. मुंज (कर्णिक). पुन्हा मुंज.

त्याने स्पीकरवर फोन लावला.

"बोला टिपणीस," काका म्हणाले. मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "काय, गोवा का?"

"काका, तुम्ही वेळेच्या रकान्यात मुंज असं लिहिता?"

"मुंज असली तर मुंजच लिहिणार. श्राद्ध लिहू?"

"पण वेळ?"

"अरे, मुंज सकाळचीच असते! मुहूर्त सकाळचा, जेवणं साडेबाराला, एक-दीडला हॉल रिकामा. बारसं संध्याकाळचं. त्यात वेगळं ते काय लिहायचं? कोणालाही समजतं."

"आणि मुंजीच्या दिवशी संध्याकाळ कोणी मागितली तर?"

"नाही म्हणतो. तुमच्या कॉम्प्युटरवर अख्खा दिवस लाल दिसतो ना."

"तुम्हाला माहीत होतं ना, हॉल दीडला रिकामा होतो?"

"माहीत होतं की. मला वाटलं, साफसफाईसाठी तुम्ही मुद्दाम ठेवलंय." काकांनी मागच्यांना खुर्च्या थांबवायला सांगितलं. "नव्हतं ठेवलं?"

नूपुरने मोजणी चालवली. पाच वर्षांत अर्ध्या दिवसाची सहाशे अकरा बुकिंगं काकांनी शब्दांत लिहिली होती. त्या सहाशे अकरा दिवशी उरलेला अर्धा दिवस साइटने भरलेला दाखवला होता. त्यातल्या किती वेळा कोणी मागायला आलं आणि परत गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. ज्याला नाही म्हटलं त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि रिकाम्या हॉलने कधी तक्रार केली नव्हती.

"पुढच्या वर्षभराची किती?" अनिमेषने विचारलं.

"तीनशे चाळीस, पूर्ण दिवसाची धरून. फक्त या हॉलची." तिने यादी खाली सरकवली. "साखरपुड्याचं काय करायचं? सकाळी पण असतो, संध्याकाळी पण. हे कोडने नाही होणार. काकांच्या वहीशी एकेक ताडून बघावं लागेल."

"दहा दिवस."

"बारा," ती म्हणाली. "काका मध्ये बोलतात."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. वहीतून एक कोरा कागद फाडून तिने त्यावर लिहिलं, ‘मला काहीही विचारायचं उरलेलं नाही’, आणि सही केली. कागद त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"तू जा. मी पंधरा-वीस दिवसांनी सरांना सांगते, मला एक चूक सापडली म्हणून. सापडली तर खरंच मलाच आहे."

"आणि ते म्हणाले, आधी का नाही विचारलंस, तर? तू लिहून दिलंयस."

"म्हणू देत. नवीन आहे मी, नवीन माणसाचं सुटून जातं."

"तुझं नाही सुटत."

"हे त्यांना कुठे माहितीये?"

अनिमेषने कागद उचलला. घडी घातली. तो खिशात ठेवायला एक क्षण लागला असता. समोरच्या भिंतीवर सरांनी खिळ्याला लावलेलं हॉलच्या ट्रस्टचं कॅलेंडर होतं, आणि त्यावर नूपुरने तिच्या पहिल्या दिवशी तारखेभोवती केलेलं वर्तुळ. पहिली नोकरी. तिला दहावा दिवस होता, आणि पहिली खोटी सही ती त्याच्यासाठी करत होती. पाच वर्षांपूर्वी मुलाखतीच्या खुर्चीत तोही असाच सोप्या उत्तराने सुरू झाला होता.

"साखरपुड्याचा प्रश्न कितवा होता?" त्याने विचारलं.

"दोनशे एकसष्ट."

"टिंब नाही केलंस त्याला." त्याने कागदाचे दोन तुकडे केले.

शुक्रवारी सकाळी त्याने सरांना सगळं सांगितलं. लपवायचं काही ठेवलं नाही, अगदी मोकळा रकाना कोणाच्या सोयीसाठी केला तेही. सरांच्या समोर रिलीव्हिंग लेटर टाइप करून तयार होतं. सही तेवढी बाकी होती.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंगळवारी, तीन तारखेला, ट्रस्टची मीटिंग आहे," ते म्हणाले. "मला तिथे हे सांगावं लागेल. ते विचारतील कसं झालं. मी काय सांगणार? मला यातलं अक्षर समजत नाही. त्या मुलीला पाठवू? तिने काय केलंय?"

"नाही. तिला नको."

"मग कोण?"

रस्त्यावरून मोसंबीवाला ओरडत गेला. सरांनी लेटर उचलून ड्रॉवरमध्ये राजीनाम्यावर ठेवलं. कुलूप लावलं नाही. "नेऊ शकतोस तू," ते म्हणाले. "सही मागितलीस तर करीन. अडवून धरलं असं माझ्यावर नको. मी फक्त विचारतोय, मंगळवारी कोण?"

दार उघडं होतं, आणि अनिमेषला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं की ते बंद असतं तर किती सोपं होतं.

"मी येतो," तो म्हणाला.

त्याने संस्थेला मेल केली. दोन आठवड्यांची मुदत मागितली, कारण सविस्तर दिलं. आईला फक्त बस रद्द केल्याचं सांगितलं.

दोन तारखेला, सोमवारी, तो दादरच्या हॉलच्या ऑफिसात काकांसमोर बसला होता. काकांची लांबडी लाल वही मध्ये, त्याच्या मांडीवर लॅपटॉप. दुसऱ्या टोकाला नूपुर, तिच्या यादीसह. बाहेर मुंजीची जेवणं उठत होती आणि वाढप्यांचा आवाज होता.

"नऊ डिसेंबर, साखरपुडा, गुप्ते," नूपुरने वाचलं.

"संध्याकाळ," काका म्हणाले. "मुलीचे वडील सकाळी कोर्टात असतात."

"चौदा डिसेंबर, साखरपुडा, राणे."

"थांब, तो सकाळचा." काकांनी वही जवळ ओढली. "नाही, नाही. संध्याकाळचाच. बदलला होता. फोन करून विचारू का?"

"विचारा."

काका नंबर फिरवत असताना अनिमेषच्या फोनवर मेल आली. चार ओळींची होती. हजर होण्याची तारीख नियमानुसार वाढवता येत नाही. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला कळवण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

त्याने ती दोनदा वाचली. काही सुटलंय का म्हणून नाही, सवयीने.

"काय झालं?" नूपुरने विचारलं.

"काही नाही. राण्यांचं काय, काका?"

"संध्याकाळ," काका फोनवर तळहात ठेवून म्हणाले. "आणि हे विचारतायत, त्या दिवशी सकाळ मिळेल का. पूजा घालायची म्हणतात. काय सांगू?"

अनिमेषने चौदा डिसेंबरच्या रकान्यात ‘साखरपुडा’ हा शब्द खोडून दोन लिहिलं. सेव्ह केलं. शून्याशी ताडणारी ती ओळ त्याने सकाळीच बदलली होती, आता तारखेचा वरचा अर्धा भाग पांढरा झाला.

"मिळेल म्हणा."

"मिळेल," काका फोनमध्ये म्हणाले, आणि लांबड्या वहीत लिहायला पेन शोधू लागले. अजून तीनशे सोळा बुकिंगं उरली होती.